ईएफ ६० टक्के आलं, पण पुढच्या ओळी वाचल्या का?

बीपीच्या पेशंटचा टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला की घरचे रिपोर्टमध्ये एकच आकडा शोधतात, ईएफ. ६० टक्के दिसलं की हार्ट चांगलं म्हणायचं आणि फाईल कपाटात ठेवायची. पण हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर गेलं, एवढंच ईएफ सांगतो. कप्पा मुळात नीट भरतोय का, ते त्यातून कळत नाही, आणि बीपी आधी बिघडवतं ते बहुतेकदा हे भरणंच.

वर्षानुवर्षं जादा दाबाविरुद्ध रक्त ढकलून त्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ होते. ती सैल पडत नाही, मग मागचा दाब फुफ्फुसांवर येतो. बसल्या जागी काहीच जाणवत नाही. सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना पूर्वी न लागणारा दम लागतो, तेव्हा वय झालं म्हणून सोडून दिलं जातं.

म्हणून 'आयव्हीएस' आणि 'पीडब्ल्यू' या ओळी बघा. ही भिंतीची जाडी. बायकांत ९, पुरुषांत १० मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याखाली 'एलए', म्हणजे वरचा डावा कप्पा: बायकांत ३८, पुरुषांत ४० मिलिमीटरच्या आत हवा. तो मोठा झाला की नाडीचा ठेका बिघडू शकतो, आत गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. मनगटावर नाडी पूर्ण १ मिनिट मोजा. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर त्याच दिवशी ईसीजी काढा. 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन', म्हणजे कप्पा सैल पडण्यातला सुरुवातीचा दोष, साठीनंतर पुष्कळांच्या रिपोर्टमध्ये असतं. नुसत्या त्या ओळीनं घाबरू नका, पण सोबत जाड भिंत असेल तर डॉक्टरांना नीट विचारा.

ईसीजी नॉर्मल आला तरी जाडी त्यातून निसटू शकते.

दवाखान्यात बीपी १३०/८० आणि घरी सतत १३५/८५च्या वर, असंही होतं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं पाठ टेकून बसून, हात छातीच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजा. आधी अर्धा तास चहा नको, मिश्रीही नको. आपल्याकडच्या बायका मिश्रीला तंबाखूत धरत नाहीत, डॉक्टरांना सांगतही नाहीत. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळीचंही तेच. तिनं बीपी चढतं, बीपीच्या गोळीचा जोरही कमी होतो. ती पट्टी तपासणीला सोबत न्या.