तुम्ही विचारलंत म्हणून: पिस्तूल शब्द कुठला?

मी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला मराठी व्याकरण शिकवते आणि परभाषीय शब्दांचा भाग आला की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, मॅडम, पिस्तूल म्हणजे इंग्रजी पिस्टलच ना? तर नाही. ते पोर्तुगीज पिस्तोलावरून आलंय, काडतूस आणि तुरुंगही तिकडूनच आले. कानाला कळणारी खूण म्हणजे तो त, इंग्रजीतून आलं असतं तर स्टेशन, स्टोव्ह, पोस्टसारखा ट आला असता. हो, बटाटा पोर्तुगीज असूनही त्यात ट आहे, म्हणून मी खूण म्हणते, नियम नाही म्हणत.

पण मला जास्त आवडतं ते त्याच्याही मागचं. पोर्तुगीजांचा तरी तो घरचा शब्द कुठे होता! काहीजण इटलीतल्या पिस्तोया शहराचं नाव सांगतात, मला मात्र चेक भाषेतलं मूळ पटतं आणि बरेच अभ्यासकही तेच मानतात. चेकमध्ये पिश्तला म्हणजे शिट्टी, पावा. १४१९ ते १४३४ मध्ये बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, हुसाइट युद्धं झाली, यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांची, त्यात साधे शेतकरी लोक गाड्यांचा कोट करून चिलखती घोडेस्वारांशी लढले, त्यांच्याकडे लाकडी दांड्याला लोखंडी नळी बसवलेलं हत्यार असायचं आणि ती नळी पाव्यासारखी म्हणून त्याला पिश्तलाच म्हणायला लागले. आपण नाही का बंदुकीची नळी म्हणत, दुनळी म्हणत, तसंच. हॉवित्झर तोफेचं नावही त्याच लढायांतलं, चेकमध्ये होउफ म्हणजे घोळका, घोळक्यावर डागायची ती तोफ.

मग पोरं हमखास तमंचावर येतात. तो फारसीतून आला, आणि फारसीत तपांचा म्हणजे पिस्तूलही आणि थप्पडही. आपला तमाचा त्याच घरातला, हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो, मला तो क्षण फार आवडतो.

आणि लिंग बघा, ती बंदूक, तो तमंचा, ते पिस्तूल, तिन्ही बाहेरचे पण मराठीने तिघांना तीन जागा दिल्या. पेपरात मार्क जातात ते मात्र दुसरीकडेच. पिस्तूल लिहिताना ‘तू’ हे अक्षर दीर्घ, पण पिस्तुलाने, पिस्तुलाचा लिहिताना ऱ्हस्व, बंदूक-बंदुकीने, काडतूस-काडतुसं तसंच.