मोसमात स्क्वॉट बंद करू नका, सेट कमी करा

शनिवारी सकाळी वॉर्म-अप चालू असताना आमच्या कबड्डी संघाचा डावा कोपरारक्षक माझ्याकडे आला. "सर, खाली बसताच येत नाहीये." कोपरारक्षकाला चढाईपटूचा घोटा पकडायचा तर गुडघ्यात वाकून झेपावं लागतं, म्हणजे सगळा भार मांड्यांवर. आणि सामना संध्याकाळी होता.

आधी दोन्ही मांड्या चाचपल्या. दुखणं दोन्हीकडे सारखं आणि पसरलेलं, बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा नाही. दहा मिनिटं हळू धावल्यावर बरंचसं मोकळं झालं. स्नायू दुखावला असता तर एकाच पायात, एकाच ठिकाणी कळ आली असती आणि वेग वाढवला की वाढली असती. तसं असतं तर मी त्याला मॅटवर उतरू दिलं नसतं.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. सामने सुरू झाल्यावर पाय जड होतील या भीतीने त्याने तीन आठवडे पायांचा व्यायामच सोडला होता. गुरुवारी ताकद कमी झाल्यासारखी वाटली, म्हणून थेट मोसमापूर्वीचा तक्ता काढला: स्क्वॉटचे (खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठका) आठ-आठ रेप्सचे, म्हणजे आवर्तनांचे, पाच सेट, वर नॉर्डिकचे (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे धरून ठेवून अंग हळूहळू पुढे झुकवायचं) तीन. नॉर्डिकमध्ये हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) लांबत असतानाच अंगाचं वजन पेलतं. सवय असेल तर फारसं जाणवत नाही, खंड पडला की हमखास ठणकतं, आणि ठणका एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतो. म्हणजे नेमका सामन्यालाच!

प्रशिक्षकांशी बोलून त्याला दुसऱ्या सत्रात उतरवलं. उभ्याने ब्लॉक (अंगाने चढाईपटूची वाट अडवणं) उत्तम केले, पण घोट्यासाठी झेप किंचित उशिरा येत होती.

सोमवारी तक्ता बदलला. शनिवार-रविवार सामने असतील तर मंगळवारी स्क्वॉट: एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८० टक्क्यांवर तीन-चार रेप्सचे तीनच सेट, प्रत्येक सेटमध्ये निदान दोन रेप्स हातच्या राखून. नॉर्डिकचे चारचे दोन सेट, पण दर आठवड्याला, न चुकता. वजन उतरवायचं नाही, सेट उतरवायचे. ताकद टिकायला एवढं पुरतं. तो पुन्हा सुरू करत होता, म्हणून पहिल्या मंगळवारी ७० टक्के आणि नॉर्डिकचा एकच सेट दिला. गुरुवारी फक्त उड्या, तीन-तीनचे तीन सेट, मध्ये भरपूर विश्रांती. स्पर्धेत रोज सामना असेल तर बारला हातच लावायचा नाही. एरवी बार वर यायला रेंगाळू लागला, की तक्त्यात रेप्स उरले असले तरी सेट तिथेच संपवायचा.