बाबांच्या आधारचा ओटीपी

आई नाशिकच्या गंगापूर रोडला चार घरी पोळ्या आणि धुणीभांडी करते. आम्ही फुलेनगरला राहतो. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात येतात आणि त्यांना नावं ठेवणं मला जमणार नाही, गॅसची टाकी आणि लाईटबिल त्यातूनच भागतं. पण ते पैसे चालू ठेवायला काय काय करावं लागलं, ते लिहिते.

2024 च्या जूनमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात योजना जाहीर केली. अर्जाला 15 जुलैची मुदत. घाईघाईने आईने एक खाडा केला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लावली, एजंटने तीनशे घेतले. दाखला हातात पडायच्या आतच सरकारने सांगितलं की पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखला लागणार नाही. आमचं केशरीच आहे! मुदतही 31 ऑगस्टपर्यंत वाढली. तीनशे मात्र गेलेच.

निवडणुकीत 2100 देऊ म्हणाले होते. त्यावर आई बोलत नाही, हसते फक्त.

खरा घोळ झाला 2025 च्या सप्टेंबरात. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली, दोन महिन्यांची मुदत. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या. आईच्या आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं. नंबर बदलायला 75 रुपये आणि दुसरा खाडा. साईट दिवसा उघडायची नाही, म्हणून रात्री एकला उठून बसलो. आईचा ओटीपी आला. पुढच्या रकान्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक. बाबा 2013 ला गेले, आजोबा त्याच्याही आधी. आई स्क्रीनकडे बघत म्हणाली, "यांना आता कुठून उठवू?" दोघी हसलो आणि मोबाईल ठेवून दिला.

विधवेला योजनेत पहिल्या दिवसापासून जागा आहे, मग फॉर्म बनवताना ती कुणालाच कशी आठवली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

नोव्हेंबरात सुधारणा आली. नवरा आणि वडील दोघंही हयात नसतील तर बाईने स्वतःची केवायसी करायची आणि मृत्यू दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. मुदत 31 डिसेंबर. बाबांची नोंद पेठ तालुक्यातल्या आमच्या गावी. पहिल्या खेपेला ग्रामसेवक मीटिंगला गेलेले. दुसऱ्या खेपेला भेटले, पण जुनं रजिस्टर शोधण्यात दुपार गेली. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, 2023 च्या अर्थसंकल्पात फडणवीसांनी दिलेलं, तेवढं बरं झालं. एका घरच्या मॅडमने मात्र दोन्ही खाडे कापले.

शेवटी फॉर्म पुढे सरकला आणि एक वाक्य आलं. कुटुंबातले सदस्य सरकारी खात्यात कायम कर्मचारी नाहीत, अशा अर्थाचं. खाली होय आणि नाही.

"नाहीच ना आपल्यात कोणी. नाही दाब," आई म्हणाली.

बोट टेकणारच होतं, तेवढ्यात मी पुन्हा वाचलं. 'नाहीत' ला 'नाही' म्हटलं की घरात सरकारी नोकर आहे असा अर्थ होतो. होय दाबलं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी नाही दाबलं होतं, त्यांचा हप्ता थांबला. घरात सगळे बिगारीवर जाणारे.

अंगणवाडीच्या ताईंनी झेरॉक्स घेतली, वहीत नाव लिहिलं. त्यांच्या टेबलावर अशा झेरॉक्सचा गठ्ठाच होता आणि पलीकडे पोरं खिचडीसाठी ताटं वाजवत होती.

बाबांच्या दाखल्याच्या आईने पाच झेरॉक्स काढून आणल्या. एक रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, चार पत्र्याच्या पेटीत. मी म्हटलं, एवढ्या कशाला? म्हणाली, "अजून नियम बदलतील की. परत पेठला कोण जाईल?"