लडाखला अपोलो बघायला जाताय? आधी हे वाचा

जुलैच्या शेवटी लेहला जाऊन आलो, बाईकवाली ट्रिप नाही, फक्त उंचावरची फुलपाखरं, मुख्यतः अपोलो, बघायला. पाठोपाठ जाणाऱ्यांसाठी लिहितोय.

लेह 3,500 मीटरवर, तिथे पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा. स्टोलिक्झका अपोलो ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते निसर्गशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिक्झका 1874 मध्ये याच भागात उंचीच्या आजाराने गेले, त्यामुळे आपण काय चीज.

आम्ही मनाली रोडने उपशी, ग्या, रुमत्से करत टांगलांग ला या खिंडीकडे गेलो. खिंडीत (5,300 मीटरच्या वर) सेल्फीवाले आणि वारा, दुसरं काही नाही, त्यामुळे रुमत्सेच्या वरच्या उतारांवर थांबा जिथे दगडगोटे आहेत आणि मधेमधे सेडमसारखी जाड पानांची झुडपं, कारण बऱ्याच अपोलोंच्या अळ्या तेच खातात. दहा ते एक ही वेळ पकडा. ऊन गेलं की फुलपाखरू पंख पसरून दगडावर बसतं आणि डोळ्यासमोर असून दिसत नाही! मागे धावू नका, दम लागतो, फुलांजवळ बसून वाट बघा.

आता ओळख. अपोलो स्वॅलोटेलच्या कुळातलं पण शेपटी नाही, आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन त्याच कुळातलं आणि त्यालाही शेपटी नाही, म्हणजे नावावर जाऊ नका. पुढच्या पंखावर लाल ठिपके असतील तर कॉमन रेड अपोलोचा विचार करा, पण तेवढ्यावर शिक्कामोर्तब नको, सारखी दिसणारी भावंडं आहेत. रीगल अपोलोला पुढच्या पंखावर लाल नसतंच, मागच्यावर मोठा लाल डाग आणि कडेला निळसर ठिपके. मिशांचा फोटो आणि पंखांची खालची बाजू हवीच. मादी दिसली तर पोटाच्या टोकाचा बाजूने क्लोजअप घ्या, मीलनानंतर नर तिथे एक कडक टोपण बसवतो आणि त्याचा आकार गटागटाने वेगळा असतो, वर्गीकरणात हे फार कामाला येतं. हे फोटोत नसेल तर एक्स्पर्टही 'अपोलो' एवढंच सांगतील.

पिवळ्या-नारिंगी कोलियास फुलपाखरांचं उलट, ती बसली की पंख मिटून बसतात, वरची बाजू हवी तर उडतानाच बर्स्ट मारा (बटण दाबून धरून सलग फोटो), शंभरात एखादा लागतो.

जाळी नेऊ नका, यातली बरीच 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत आणि परवानगीशिवाय पकडणं गुन्हा आहे. 100-400 मिमीची लेन्स पुरते, आणि प्रत्येक फोटोची उंची तिथल्या तिथे लिहून ठेवा.