एका ऑर्डरच्या पाच तारखा

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीचा कारखाना आहे आणि तेथे खाणींसाठी व वीजकेंद्रांसाठी लागणारे बेल्ट कन्व्हेयर तयार होतात. डिझाइन विभाग पुण्यात, विक्रीची माणसे मुंबईत आणि कोलकात्यात, तर खरेदी, स्टोअर्स, उत्पादन, गुणवत्ता व डिस्पॅच हे विभाग येथे नागपूरला आहेत. मी उत्पादन नियोजनात काम करते. सगळ्या विभागांच्या तारखा शेवटी आमच्याच टेबलावर येऊन एकमेकींवर आदळत असल्यामुळे, विभागाविभागांतला दुरावा कमी करण्याचे काम आमच्या प्लांट हेडनी माझ्याकडे सोपवले.

या दुराव्यात भांडण नव्हते, हे आधी सांगायला हवे. कॅन्टीनमध्ये आम्ही सारे एकत्र जेवतो, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातो. व्यवस्थापनाने याच हेतूने सर्व विभागांची खिंडसीला सहलही काढली होती. त्या सहलीत ओळखी वाढल्या आणि पुढे त्या उपयोगी पडल्या. पण ऑर्डरी पूर्वी जितक्या उशिरा जात होत्या, तितक्याच उशिरा जात राहिल्या. माणसे चांगली, कामाला चोख आणि तरीही काम अडते, याचे कारण मला एका कपलिंगपाशी, म्हणजे दोन फिरते शाफ्ट (दांडे) जोडणाऱ्या भागापाशी, नीट दिसले.

एका कोळसा खाणीच्या ऑर्डरमध्ये डिझाइनने गिअरबॉक्सचे मॉडेल बदलले. जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट ८० मिलिमीटरचा होता, नव्याचा ८५ चा. डिझाइनने ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती सर्व्हरवर ठेवली, ईमेल पाठवला आणि त्यांच्या बाजूने काम पूर्ण झाले. त्या शाफ्टवर बसणाऱ्या कपलिंगची खरेदीची पर्चेस ऑर्डर मात्र आधीच निघालेली होती आणि तिच्यावर ड्रॉइंगचा क्रमांक होता, आवृत्तीचा नव्हता. पुरवठादाराने आपल्याजवळच्या ड्रॉइंगप्रमाणे ८० चा बोअर (शाफ्ट बसण्याचे भोक) करून माल पाठवला. गुणवत्ता विभागाने तो त्याच ऑर्डरशी ताडून पाहिला आणि पास केला, कारण ऑर्डरनुसार तो अचूकच होता. स्टोअर्सने त्याची नोंद करून तो रॅकवर लावला. असेंब्लीत फिटरने कपलिंग शाफ्टवर चढवायला घेतले तेव्हा कुठे पाच मिलिमीटरचा फरक पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला. हिंगण्याच्या एका वर्कशॉपमधून बोअर वाढवून आणि कीवे (चावी बसण्याची खाच) पुन्हा कापून घ्यावा लागला. चौकशीच्या बैठकीत प्रत्येक विभागाने आपापले कागद पुढे ठेवले आणि ते सारेच्या सारे बरोबर होते.

त्यानंतर मी एक साधे काम केले. त्या ऑर्डरचा कागद हातात घेऊन ती ज्या ज्या टेबलावरून गेली, त्या प्रत्येक टेबलाशी जाऊन बसले. पुण्याच्या आणि कोलकात्याच्या मंडळींशी फोनवर बोलले. प्रत्येकाला विचारले, की तुमच्या लेखी ही ऑर्डर कोणत्या दिवशी पूर्ण होते. पाच विभागांनी पाच तारखा सांगितल्या. विक्रीच्या लेखी माल साइटवर उतरण्याचा दिवस, डिस्पॅचच्या लेखी ट्रक गेटबाहेर पडण्याचा, लेखा विभागाच्या लेखी बीजक निघण्याचा, उत्पादनाच्या लेखी रंगवलेला माल यार्डात लागण्याचा, आणि खरेदीच्या लेखी शेवटचा सुटा भाग कारखान्यात येण्याचा. स्टोअर्समधल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी तर स्वतःची तारीखच सांगितली नाही. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे माल आधी येते आन् कागद मागून येते. मंग आम्ही तारीख कोणती धरावं?" मासिक अहवालांत प्रत्येक विभाग वेळेवर दिसत होता आणि ग्राहकाचा तगादा मात्र थांबत नव्हता, याचा उलगडा मला त्या टेबलांशी बसल्यावर झाला.

तारखांच्या मागे मोजमापे होती. खरेदीचे यश दरातल्या बचतीवर मोजले जाई, म्हणून ते मोठी खेप एकदम मागवत. स्टोअर्सचे यश साठ्याची किंमत कमी ठेवण्यात, म्हणून त्यांना तीच खेप नकोशी होई. उत्पादनाचे लक्ष्य टनांत ठरलेले, त्यामुळे महिनाअखेरीस वजनदार आणि सोपे सांगाडे आधी पूर्ण होत आणि पुली, ड्राइव्ह यांसारखे वेळखाऊ भाग मागे पडत. परिणामी साइटवर लोखंडी सांगाडे येऊन पडत आणि ज्याच्याविना पट्टा फिरूच शकत नाही, तो ड्राइव्ह आमच्याच शॉपमध्ये असे. गुणवत्तेचे जाणकार डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या १४ सूत्रांपैकी नववे सूत्र विभागांमधल्या भिंती पाडण्याविषयी आहे आणि ते पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. अकरावे सूत्र आकड्यांच्या लक्ष्यांवर कारभार चालवणे बंद करण्याविषयी आहे आणि त्याचा उल्लेख फार कमी ऐकू येतो. माझ्या अनुभवात अकराव्याला हात घातल्याशिवाय नववे पुढे सरकले नाही.

सर्वांत कठीण भाग हाच होता. खरेदीचे प्रमुख मला म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतं मला. पण मार्चअखेर माझी बचत कमी भरली, तर माझ्या पोरांच्या इन्क्रिमेंटचं काय?" हा प्रश्न अडवणुकीचा नव्हता, रास्त होता, आणि त्याचे उत्तर माझ्या अधिकारात नव्हते. मी तो जसाच्या तसा प्लांट हेड आणि मनुष्यबळ विभागापुढे नेला. बऱ्याच चर्चेनंतर पुढच्या एप्रिलपासून कारखान्यातल्या प्रत्येक विभागप्रमुखाच्या मूल्यमापनाचा एक चतुर्थांश भाग सामायिक झाला: संपूर्ण ऑर्डर, ठरलेल्या तारखेला, ग्राहकाच्या साइटवर. टनांचे लक्ष्य गेले नाही. मात्र ज्या ऑर्डरचा ड्राइव्ह तयार नाही, तिच्या सांगाड्यांचे टन त्या महिन्यात धरायचे नाहीत, असे ठरले. या एका ओळीने शॉपमधला कामाचा क्रम जितका बदलला, तितका आमच्या सगळ्या बैठकांनी मिळून बदलला नव्हता.

असेंब्लीशेजारची जुन्या फायलींची खोली आम्ही रिकामी करून घेतली. टोयोटाने १९९७ मध्ये बाजारात आणलेली प्रियस तयार करताना वेगवेगळ्या विभागांच्या तज्ज्ञांना एका मोठ्या खोलीत एकत्र आणले होते; तिथे त्या पद्धतीला ओबेया म्हणतात. आमची खोली त्या मानाने लहान, एका फलकाची आणि एका कूलरची. फलकावर प्रत्येक ऑर्डरची एक ओळ आणि त्या ओळीत एकच तारीख, साइटवर पोहोचण्याची. रोज सकाळी पाव तास सर्वांनी उभ्यानेच बोलायचे आणि प्रत्येक विभागातून निर्णय घेऊ शकणाराच माणूस यायचा, निरोप्या नको, हे दोन नियम आम्ही कटाक्षाने पाळले. पर्चेस ऑर्डरवर ड्रॉइंगच्या आवृत्तीचा क्रमांक सक्तीचा झाला, आणि खरेदी, स्टोअर्स व गुणवत्ता यांची सही झाल्याशिवाय डिझाइनचा बदल पूर्ण झाला असे धरणे बंद झाले.

पुण्याच्या डिझाइनर मंडळींनी काही काळ येथे येऊन काम करावे, असाही माझा आग्रह होता. पहिली जोडी आली ती नेमकी मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, तरी तक्रार न करता दोघेही असेंब्लीत उभे राहिले. तेथे त्यांना फिटरच्या पेटीत घासून पातळ केलेला एक पाना दिसला. विचारल्यावर कळले, की ड्राइव्हच्या संरक्षक जाळीआडच्या एका बोल्टला नेहमीचा पाना बसतच नाही, म्हणून फिटर मंडळी कित्येक वर्षे पाने घासून वापरत आली आहेत. पुण्यात ही गोष्ट कधी पोहोचली नव्हती, कारण ती कळवण्यासाठी कोणताही फॉर्म नव्हता आणि फिटरने डिझाइनरला फोन करण्याची रीतही नव्हती. त्या दोघांनी बोल्टची जागा बदलून नवे ड्रॉइंग काढले आणि पहिली प्रत त्या फिटरभाऊंना दाखवून त्यांचे मत घेतले. तेव्हापासून असेंब्लीतून पुण्याला थेट फोन जातात, आणि मला या सगळ्या खटपटीतली ही सर्वांत मोलाची प्राप्ती वाटते.

विक्री विभाग अजून या रचनेबाहेर आहे. त्यांचे मूल्यमापन आजही नोंदवलेल्या ऑर्डरींच्या रकमेवर होते, त्यामुळे ग्राहकाला तारीख देताना आमच्या फलकाकडे पाहण्याचे त्यांना काही कारण नाही. त्यांच्या मूल्यमापनातही तोच चतुर्थांश यावा, असा प्रस्ताव प्लांट हेडनी मुख्यालयाकडे पाठवला आहे, आणि तोवर कोलकात्याच्या एका सहकाऱ्यांनी, कोणी न सांगता, कोटेशन पाठवण्याआधी सकाळच्या बैठकीला फोनवरून हजर राहण्यास सुरुवात केली आहे.