खल्ला, पण पोळ्या हाताशी ठेवून

आम्ही ज्यू. ठाण्याला माहेरी शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस लागताना, किद्दुशला (द्राक्षरसावरच्या आशीर्वादाला) काळ्या मनुका भिजवून, कुस्करून काढलेलं सरबत असे आणि हमोत्सीला (भाकरीवरच्या आशीर्वादाला) दोन अख्ख्या पोळ्या. लग्न होऊन इस्रायलमध्ये अश्दोदला आले, तर सासूबाई म्हणाल्या, "इथं खल्ला लागतो." खल्ला म्हणजे शब्बाथचा वेणी घातलेला पाव. विकत मिळतो की, मी म्हटलं. त्यांनी नुसतं बघितलं.

एक किलो मैदा, दोन अंडी, तेल, यीस्ट, मीठ, साखर. दूध नाही, कारण जेवायला मटण होतं आणि मांसाबरोबर दूध आम्हाला चालत नाही. पोळ्यांची कणीक मळलेला हात माझा, म्हटलं यात काय! पीठ हाताला चिकटत राहिलं आणि मी वरून मैदा टाकत राहिले. मग तीन पेडांची वेणी घातली, शाळेत जाणाऱ्या मुलीची घालतात तशी करकचून. ओव्हनमध्ये फुगायला जागा नाही म्हणून पेड कडेने फाटले. तरी वरून छान सोनेरी दिसले, म्हणून काढले.

सासूबाईंनी एक उलटा करून बुडावर टिचकी मारली. पोकळ आवाज यायला हवा, आला मद्द. आत कच्चा. हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास शब्बाथचे दिवे लागतात. त्यानंतर भाजणं, शिजवणं बंद. दहा मिनिटं उरली होती. त्यांनी दुपारच्या डब्यातल्या दोन पोळ्या काढल्या, ताटात ठेवल्या, वर भरतकामाचा रुमाल घातला. दोनच का, तर वाळवंटात आमच्या पूर्वजांना शुक्रवारी मान्ना, म्हणजे आभाळातून येणारं अन्न, दुप्पट मिळे. आणि रुमाल? द्राक्षरसावरचा आशीर्वाद आधी होतो, तोवर भाकरीला आपला मान डावलला असं वाटू नये म्हणून. लग्नातलं मानपान इथंही आहेच!

पुढच्या खेपेला वेणी सैल घातली, पण साखर जास्त पडली. सासरे म्हणाले, "हा केक. आपल्या सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, रीतीत इतक्या गोडावर हमोत्सी म्हणत नाहीत."

आता सणाआधी एकदम १ किलो ६६६ ग्रॅम मैदा भिजवते. आमच्या घरी तेवढं पीठ असलं, तरच आशीर्वाद म्हणत ऑलिव्हएवढा गोळा वेगळा काढतात. तो फॉइलमध्ये गुंडाळून जाळायचा. खरं तर 'खल्ला' हे मूळ नाव त्या गोळ्याचं, पावाला ते नंतर चिकटलं.

सहा पेडांची वेणी अजून जमत नाही. चौथ्या पेडाशी घोटाळा होतो आणि सासूबाई मधेच हात घालतात. शुक्रवारी दुपारी डब्यात दोन पोळ्या मात्र मी ठेवतेच.