बाई आणि उरलेला तुकडा

शाळेच्या स्मरणिकेसाठी "तुझ्या वाटचालीबद्दल एक पान लिही" असा समितीचा मेसेज आला. वाटचाल कसली, एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन, मग डायबेटिसच्या संशोधनात पडलो तो अजून तिथेच आहे. सांगण्यासारखं जे आहे ते बाईंचं आहे. कोणत्या बाई ते वेगळं सांगायला नको. बाकीच्या सरांनी-बाईंनी राग मानू नये, पान एकच मिळालंय.

लॅबमधला तो धडाचा पुतळा सगळ्यांना आठवत असेल, अवयव काढून परत बसवायचा. एकदा ब वर्गाच्या पोरांनी सगळं बसवलं, झाकणही लावलं आणि स्वादुपिंड टेबलावरच राहिलं. जठराच्या मागे असतं ते, त्यामुळे नसलं तरी बाहेरून पत्ता लागत नाही. दुसरं कोणी असतं तर कपाटात टाकून मोकळं झालं असतं, बाई तो तुकडा हातात घेऊन आमच्या वर्गावर आल्या आणि विचारलं, हा नसला तर काय बिघडेल? मागून कोणीतरी म्हणालं, काही नाही बाई, झाकण तर लागलं. वर्ग हसला, बाई नाही हसल्या. मग त्यांनी सांगितलं की १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं तर त्याच्या लघवीतून साखर जायला लागली, तेव्हा कळलं मधुमेहाचं मूळ कुठे आहे ते. आणि त्याच्याही वीस वर्षं आधी लँगरहान्स नावाच्या एका विद्यार्थ्याने याच अवयवात पेशींचे बेटांसारखे पुंजके पाहिले होते, ते कशासाठी आहेत हे त्याला कळलं नव्हतं, तरी दिसलं तसं त्याने प्रबंधात लिहून ठेवलं. बाईंना मिन्कोव्स्कीपेक्षा या पोराचंच कौतुक जास्त. यातलं काहीही परीक्षेला येणार नव्हतं. त्या दिवशीचा धडा राहिला तो शेवटपर्यंत राहिलाच.

प्रयोगवहीत आकडे पेनाने लिहायचे, खाडाखोड नाही, चुकला तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला तारीख आणि सही. आम्हाला तेव्हा हा जाच वाटायचा. पुढे औषधांच्या चाचण्यांसाठी ट्रेनिंग घेतलं तर तिथे अगदी हाच नियम शिकवला, मी आपला गालात हसत बसलो.

माझं काम इन्सुलिनला, म्हणजे त्याच बेटांमधून येणाऱ्या, साखर आवरणाऱ्या हार्मोनला, शरीर कितपत दाद देतं ते मोजण्याचं. पद्धतीला क्लॅम्प म्हणतात. माणसाला झोपवून शिरेतून ठरलेल्या वेगाने इन्सुलिन सोडायचं आणि साखर ९० च्या आसपास टिकेल इतकं ग्लुकोज सोबत देत राहायचं, दर पाच मिनिटांनी रक्त तपासायचं. जितकं जास्त ग्लुकोज लागेल तितकं शरीर इन्सुलिनचं ऐकतंय असं समजायचं. तासन् तास चालतं, कंटाळवाणं आहे, आणि नेमका एखाद्या सडपातळ माणसाचा आकडा असा येतो की ज्युनिअर म्हणतात, सर हा बाकीच्यांत बसत नाही, वगळू या का? मी वगळू देत नाही. बारीक दिसणं फसवं असतं, २००४ मध्ये याज्ञिक आणि युडकिन या दोन डॉक्टरांनी स्वतःचंच उदाहरण छापलं होतं, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिकांच्या २१.२. आज जी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट सगळे करतात तीसुद्धा १९६८ मध्ये तेहरानला रहबर यांना डायबेटिसच्या पेशंटच्या हिमोग्लोबिनमध्ये एक जास्तीचा पट्टा दिसला आणि त्यांनी तो सोडून दिला नाही म्हणून हातात आली. बाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाल्या, मग तुला काय वाटलं, मी उगाच ओरडायचे?

आता बाईंनाच डायबेटिस आहे. साखरेची वही बघाल तर थक्क व्हाल. पेशंट लोक डॉक्टरला बरं वाटावं म्हणून ११०, ११५ असे गोंडस आकडे लिहून आणतात, आम्हाला ते लगेच कळतं. बाईंच्या वहीत २६८ आहे, पुढे पेनाने "डोस विसरले, पाहुणे होते".

लॅबमध्ये आता स्क्रीन लागलाय आणि अवयव बोटाने फिरवता येतात असं ऐकतो. छान दिसत असेल, पण त्यात एकही तुकडा हरवायची सोय नाही याचं मला वाईट वाटतं. लॅबला बाईंचं नाव द्यायचं चाललंय म्हणे. द्याच, फक्त त्यांना आधी विचारू नका, नाहीच म्हणतील.

कार्यक्रमाला बाईंना मी घेऊन येतोय, समितीने गाडीची काळजी करू नये. एकच विनंती, पाहुण्यांची भाषणं वेळेत संपवा आणि जेवणाला उशीर करू नका, त्या इन्सुलिन टोचून निघणार आहेत.